संस्थेचा शिक्का नव्याने आखताना

सांगलीत शिक्के बनवतो, म्हणून सांगतो. शिक्का बदलायचा ठरला की मंडळी यादीच घेऊन येतात: कृष्णामाई, आयर्विन पूल, गणपती मंदिर, हळद, द्राक्षं, ऊस. सगळं एकाच गोलात हवं! आधी ठरवा, यातलं तुमच्या संस्थेचं काय? हळद उत्पादकांच्या सोसायटीला हळदीचं पान आणि गड्डा पुरे.

चिन्ह का घेतलं ते एका वाक्यात सांगता यायला हवं. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाचा नवा ध्वज आला. इंग्रजांच्या वेळची लाल फुली, म्हणजे सेंट जॉर्जचा क्रॉस, गेला, शिवरायांच्या राजमुद्रेवरून अष्टकोन आला. आठ बाजू म्हणजे आठ दिशा. कुणालाही पटतं.

आता खरं काम. चित्र मोबाइलवर मोठं करून पाहू नका, शिक्क्याच्याच मापात कागदावर छापून बघा. चाळीस मिलिमीटरच्या गोलात द्राक्षाचा घड म्हणजे नुसता डाग. जोडाक्षरं तर घातच करतात: ‘श्री’, ‘द्य’, ‘ष्ट्र’ यांच्या पोकळीत शाई साचते. म्हणून फार जाड फाँट नको. रफार आणि वेलांटीला कडेच्या रेषेपासून मोकळी जागा ठेवा. नाव वर, गाव-तालुका खाली, बस्स.

अशोकस्तंभ मात्र कितीही आवडला तरी घालू नका. २००५ च्या कायद्याने खाजगी संस्थांना तो परवानगीशिवाय वापरता येत नाही.

शिक्का हातात आला की सभेत ठराव करा, त्याखाली जुना-नवा दोन्ही ठसे उमटवा, प्रत बँकेत द्या आणि जुन्याचं रबर सर्वांसमोर कापून टाका.