आधी लोकस, मग नदी: अमेरिकेत पर्यावरण कायदा शिकायला येणाऱ्यांसाठी

पहिल्याच सत्रात कायद्याच्या क्लिनिकमध्ये, म्हणजे विद्यार्थी खऱ्या प्रकरणांवर काम करतात त्या वर्गात, मी एका नदीच्या प्रदूषणावर आठ पानी टिपण लिहिलं होतं. जगण्याचा हक्क, सावधगिरीचं तत्त्व, 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' हे तत्त्व, सगळं त्यात होतं. आमच्या मार्गदर्शक वकील बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "या नदीवर नेहमी जाणारं कोण आहे? आणि त्या माणसाने तिथे जाणं कधी सोडलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी काठावर गळ टाकून बसणाऱ्या लोकांशी बोलत होते. या देशातला पर्यावरण कायदा मला तिथे कळायला लागला.

दर ऑगस्टमध्ये एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, नवी मुलं-मुली येतात आणि पहिला प्रश्न असतो, अर्ज कुठे करू? त्याचं उत्तर पुढे देते. पण आधी हे लोकसचं, म्हणजे खटला आणायचा अधिकार कुणाला याचं, प्रकरण समजून घ्या, कारण मुलाखतीतही तुम्ही इथेच अडता.

आपल्याकडे न्यायालयाने साध्या पत्राचीही जनहित याचिका करून घेतली आहे. त्या वातावरणात शिकलेल्या माणसाला वाटतं की नदी मेली, एवढं दाखवलं की दाद मिळेल. इथे खटला आणणाऱ्याचं स्वतःचं, नेमकं नुकसान दाखवावं लागतं. आपल्या लोकसला इथे स्टँडिंग म्हणतात. १९९२ च्या लुहान खटल्यात एका संस्थेच्या दोन सदस्यांनी शपथपत्रात लिहिलं होतं की आम्ही इजिप्त आणि श्रीलंकेत जाऊन आलो आहोत आणि तिथले दुर्मिळ प्राणी पाहायला पुन्हा कधीतरी जाणार आहोत. सर्वोच्च न्यायालयाने 'कधीतरी' पुरेसं मानलं नाही. २००० च्या लेडलॉ खटल्यात मात्र दक्षिण कॅरोलायनातल्या नॉर्थ टायगर नदीत पारा सोडला जात होता, आणि त्या भीतीने आम्ही तिथे पोहणं, मासे पकडणं टाळतो असं लोकांनी सांगितलं होतं. तेवढ्यावर स्टँडिंग मान्य झालं. हे दोन निकाल एकाच बैठकीत, शपथपत्रांतल्या वाक्यांकडे लक्ष देऊन वाचा.

१९७२ च्या स्वच्छ जल कायद्याच्या कलम ५०५ खाली सामान्य नागरिकही प्रदूषण करणाऱ्यावर खटला भरू शकतो. त्याआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते: कारखान्याला, राज्याला आणि ईपीएला, म्हणजे केंद्रीय पर्यावरण संस्थेला. क्लिनिकमध्ये बहुतेकांच्या वाट्याला पहिल्यांदा अशी नोटीस किंवा असं शपथपत्र येतं. त्यामुळे क्लिनिकची जागा कशीही करून मिळवा. जागा थोड्या असतात आणि अर्ज सत्र सुरू होण्याआधीच जातो. न्यायालयात उभं राहण्याचे विद्यार्थ्यांसाठीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, पण मसुदे लिहायला तुम्हाला कुणी अडवत नाही.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. सरकारी संस्थेच्या निर्णयाला आव्हान दिलं की न्यायालय साधारणपणे त्या संस्थेसमोर निर्णयाच्या वेळी असलेली कागदपत्रंच पाहतं. तिथे जो मुद्दा कुणी मांडलाच नाही, तो नंतर न्यायालयात मांडायला गेलात तर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणजे अनेक खटल्यांचा पाया हरकती व सूचनांच्या टप्प्यावरच पडतो. प्रस्तावित नियम फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे इथल्या राजपत्रात, छापला जातो आणि हरकतींसाठी बहुधा ३० किंवा ६० दिवस असतात. हरकत नोंदवायला नागरिकत्व लागत नाही, व्हिसाचा प्रकार कुणी विचारत नाही, वकिलीच्या परवान्याची बार परीक्षा लागत नाही. नियम बनवणाऱ्यांनी महत्त्वाच्या हरकतींना उत्तर द्यावं लागतं. आल्या आल्या, हातात काहीही नसताना, तुम्ही या देशाच्या पर्यावरण कायद्यात जी खरी भर घालू शकता, ती हीच. एक विषय धरा, समजा सांडपाण्याचे परवाने. त्यावरच्या जुन्या हरकती रेग्युलेशन्स डॉट गव्ह वर उघड्या असतात, त्यातल्या चांगल्या वाचा. मग क्लिनिकच्या किंवा प्राध्यापकांच्या देखरेखीखाली स्वतःची लिहा. माझ्या ओळखीच्या दोघांना पहिली मुलाखत अशा लेखनाच्या नमुन्यावर मिळाली.

बातम्यांचं म्हणाल तर सध्या पायाखालची जमीनच हलते आहे, आणि तुमची पाठ्यपुस्तकं काही ठिकाणी मागे पडलेली असतील. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सॅकेट निकालाने पाणथळ जमिनींवरचा केंद्राचा अधिकार खूप आकसला: मोठ्या जलाशयाशी पृष्ठभागावर सलग जोड असेल तरच ती जमीन स्वच्छ जल कायद्याखाली येते. जून २०२४ मध्ये लोपर ब्राइट निकालाने शेव्हरॉनचं चाळीस वर्षांचं तत्त्व मोडीत काढलं. कायद्याची भाषा संदिग्ध असली की सरकारी संस्थेचा वाजवी अर्थ मानायचा, ही रीत संपली. मे २०२५ मध्ये युटातल्या ८८ मैलांच्या रेल्वेमार्गाच्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं की पर्यावरणीय परिणामांच्या अहवालात, त्या रेल्वेमुळे दुसरीकडे वाढणाऱ्या तेलविहिरी आणि शुद्धीकरण कारखान्यांचे परिणाम तपासण्याची सक्ती नाही. जुलै २०२५ मध्ये ईपीएने हरितगृह वायू लोकांच्या आरोग्याला घातक आहेत हा स्वतःचाच २००९ चा निष्कर्ष मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. हे वाचताना मन खचतं, माझंही खचलं. पण हरकतींच्या कागदांना इतकं महत्त्व यापूर्वी मी पाहिलेलं नाही.

आणि लढाईचा मोठा भाग राज्यांकडे सरकला आहे. मोंटानाच्या संविधानात स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क आहे. त्या आधारावर १६ तरुणांनी राज्याविरुद्ध खटला जिंकला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पेनसिल्व्हेनियात असा हक्क १९७१ पासून आहे, न्यूयॉर्कमध्ये २०२१ ला आला. व्हर्मांटने २०२४ मध्ये हवामान बदलाचा खर्च जीवाश्म इंधन कंपन्यांकडून वसूल करण्याचा कायदा केला, त्याच वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कनेही. राहाल त्या राज्याचं संविधान आणि पर्यावरण कायदे नीट वाचा. नवे आलेले लोक हे नेमकं विसरतात. खटल्यांचा माग ठेवायला कोलंबिया विद्यापीठाच्या सेबिन सेंटरचा हवामान खटल्यांचा संग्रह आहे, भारतातल्या खटल्यांसकट. तो मोफत आहे.

आता अर्जांचं. केंद्र सरकारच्या नोकऱ्या बहुतांश नागरिकांसाठीच असतात, न्याय खात्याचा पर्यावरण विभागही त्यात आला. त्या याद्यांवर महिने घालवू नका. अर्थजस्टिस, एनआरडीसी अशा मोठ्या पर्यावरण संस्थांकडे अर्ज जरूर करा, पण तिथे सगळ्या देशातून अर्ज येतात. राज्य सरकारं, शहरांचे कायदा विभाग, एकेका नदीवर काम करणाऱ्या छोट्या संस्था, विद्यापीठांमधली संशोधन केंद्रं इकडे गर्दी कमी असते. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीतून वगळलेल्या आहेत. हा मुद्दा मला कुणी वेळेवर सांगायला हवा होता. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचा बोजा आला आहे. म्हणून इथे असतानाच पुढची वाट ठरवा आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा एकदा तरी सल्ला घ्या.

तारखा चुकवू नका. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करायच्या परवानगीचा, अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. मुदत १२ महिने, आणि त्यात कामाविना ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळते ती स्टेमची वाढीव मुदत एलएलएमला नाही. सीपीटीला, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीला, आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण असावं लागतं, त्यामुळे एका वर्षाच्या अभ्यासक्रमात त्याचा फारसा उपयोग होत नाही. विनावेतन इंटर्नशिप म्हणजे परवानगी लागतच नाही, असं समजू नका. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारा.

बार परीक्षेबाबत एक चूक दरवर्षी बघते. न्यूयॉर्कच्या नियमात एलएलएमचे किमान २४ क्रेडिट लागतात. त्यात व्यावसायिक नीतीचे २, संशोधन आणि लेखनाचे २, अमेरिकन कायदेव्यवस्थेचे २ आणि परीक्षेच्या विषयांचे ६ असावे लागतात. उत्साहाने सगळीकडे पर्यावरणाचेच विषय घेणारा विद्यार्थी मे महिन्यात अपात्र ठरतो. शिवाय ५० तासांचं प्रो बोनो, म्हणजे विनामोबदला कायद्याचं, काम लागतं. क्लिनिकचं काम त्यात मोजता येतं, मात्र त्याची नोंद आणि सही त्याच वेळी घेऊन ठेवा. बार परीक्षा घेणाऱ्या बोर्डाकडून आगाऊ पात्रता तपासून घ्यायची असते. त्याला महिने लागतात, आणि गुणपत्रिका तुमच्या विद्यापीठाकडून थेट जावी लागते. हे काम विमानात बसायच्या आधी सुरू करा.

मूट कोर्टमध्ये, म्हणजे अभिरूप खटल्यांच्या स्पर्धांत, स्टेटसन विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय पर्यावरण स्पर्धा आणि पेस विद्यापीठाची राष्ट्रीय स्पर्धा, या दोन ओळखून असा. ओरेगनमध्ये युजीनला विद्यार्थीच भरवतात ती जनहित पर्यावरण कायदा परिषद एकदा तरी गाठा, कारण तिथे चहाच्या रांगेत तुमच्या मागे उभी असलेली व्यक्ती नदीवरचा खटला लढणारी असू शकते.

आणि आपला कायदा लपवू नका. मुलाखतीत मी सुरुवातीला भारतातलं शिक्षण दोन वाक्यांत उरकायचे, तो माझा चुकीचा संकोच होता. २०२४ मध्ये माळढोकच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क मान्य केला. इथल्या वकिलांना त्याबद्दल खरंच ऐकायचं असतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी हवामानाविषयी एकमताने सल्लागार मत दिलं. त्या मागणीची सुरुवात २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती.

पहिल्या आठवड्यात बँक, फोन आणि घर लागलं की शनिवारी फेडरल रजिस्टरवर ईपीएचं पान उघडा, हरकतींची मुदत अजून शिल्लक असलेला एक प्रस्ताव निवडा आणि त्याची प्रस्तावना पूर्ण वाचा. दोन तास लागतील. अडलात तर कायदा ग्रंथालयाच्या ग्रंथपालांना विचारा.