कॅलिफोर्नियातील वणव्याचे दिवस: फटाके आणि शेकोटीचे नियम कसे तपासावेत

कॅलिफोर्नियात उन्हाळा सरला म्हणून वणव्याचा धोका सरत नाही. पहिला दमदार पाऊस होईपर्यंत डोंगरउतारावरचे गवत कडकडीत वाळलेले असते आणि नेमके तेव्हाच, शरद ऋतूत, उत्तरेकडे डायब्लो व दक्षिणेकडे सांता अ‍ॅना हे कोरडे, जोरकस वारे सुटतात. आपली दिवाळी याच दिवसांत येते. पॅराडाइज गाव बेचिराख करून ८५ जणांचा बळी घेणारा वणवा ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे पाडव्याच्या सकाळी लागला. त्याचे कारण फटाके नव्हते, वीजवाहिनी होती, परंतु दिवाळीच्या सुमारास तिथले रान किती चटकन पेट घेते हे त्यावरून ध्यानात येते.

फटाक्यांचा विचार करताना आधी आपली जागा कोणत्या हद्दीत येते हे पाहावे. जे उडते किंवा धडाका करून फुटते, म्हणजे आपले बाण, लवंगी माळा आणि सुतळी बॉम्ब, ते राज्यभर बेकायदा असून त्यासाठी ५० हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. उरलेल्यांपैकी स्टेट फायर मार्शलचा, म्हणजे राज्याच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याचा, शिक्का असलेल्या, ‘सेफ अँड सेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फटाक्यांची विक्री ४ जुलैच्या आसपासचे काही दिवस होते आणि तीही परवानगी देणाऱ्या शहरांतच. सॅन होजे व फ्रीमाँट येथे हेही फटाके चालत नाहीत. त्याच परिसरातील गिलरॉय मात्र जुलैत त्यांना मुभा देते. शेजारच्या गावात मिळाले म्हणून आपल्या अंगणात लावता येतील, असे गृहीत धरू नये. भारतातून फटाके आणण्याचा तर विचारच नको: विमानात ते नेण्यास मनाई आहे आणि त्यांवर हा शिक्काही नसतो. महाराष्ट्र मंडळाला आतषबाजी करायचीच असेल, तर परवानाधारक तज्ज्ञ नेमून स्थानिक अग्निशमन विभागाची परवानगी घ्यावी. माझ्या मते पणत्या, आकाशकंदील आणि विजेच्या माळा यांवर दिवाळी उत्तम साजरी होते.

राष्ट्रीय वनांत कोणताही फटाका बाराही महिने निषिद्ध आहे. शेजारच्या ओरेगनमध्ये २०१७ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाने दरीत टाकलेल्या फटाक्यामुळे ईगल क्रीकचा वणवा लागला आणि न्यायालयाने त्याला ३ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक भरपाई ठोठावली. पालकांनी हे मुलांना सहलीला निघण्यापूर्वीच सांगावे.

शेकोटीसाठी, तसेच गॅसच्या छोट्या शेगडीसाठीही, राष्ट्रीय वनात ठरावीक शेकोटीस्थळांबाहेर कॅम्पफायर परमिट लागते. ते ऑनलाइन मोफत मिळते. मात्र परमिट हाती असले तरी त्या दिवशी निर्बंध लागू असल्यास लाकडे पेटवता येत नाहीत, आणि कडक निर्बंधांत ठरावीक शेकोटीस्थळेही बंद होतात. म्हणून निघण्याच्या सकाळी त्या वनकार्यालयाचे ताजे आदेश वाचावेत आणि हवामान खात्याने ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’, म्हणजे वणव्याच्या तीव्र धोक्याचा इशारा, दिली आहे का ते पाहावे. ती असेल, तर परवानगी असूनही उघड्यावर काही पेटवू नये.

पेटवण्यास मुभा असेल, तर भोवतीची किमान पाच फूट जमीन मातीपर्यंत साफ करून फावडे व भरपूर पाणी जवळ ठेवावे, आणि एक प्रौढ व्यक्ती तिथून हलू नये. विझवताना पाणी ओतून राख फावड्याने ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि हाताची पालथी बाजू आधी राखेच्या वर धरून पाहावी. ऊब जाणवली तर पुन्हा पाणी. जाणवली नाही तरच राखेला हात लावून ती गार असल्याची खात्री करावी. नुसती माती लोटू नये, कारण खाली निखारे तासन्‌तास धुमसत राहतात. कुठे धूर दिसलाच तर स्वतः विझवण्यात वेळ न दवडता ९११ला फोन करून जवळचा रस्ता किंवा मैलाचा दगड सांगावा.