नदीतल्या गोट्यावर अक्षर कोरताना

मन शांत करण्यासाठी हातात धरायला दगड हवा असेल, तर महागडा स्फटिक विकत घेण्याची मुळीच गरज नाही. महाराष्ट्रात सह्याद्रीतून उतरणाऱ्या बहुतेक नद्यांच्या पात्रातला काळ्या पाषाणाचा गोटा त्यासाठी पुरेसा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून हा खडक बनला आणि त्याच्याच पोकळ्यांमध्ये पुढे गारगोटी, अकीक आणि झिओलाइट गटातल्या खनिजांचे देखणे स्फटिक वाढले. दगडाने आजार बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर औषध बंद करू नये, तसेच दगड बुडवून ठेवलेले पाणीही पिऊ नये. मॅलेकाइटसारख्या खनिजात तांबे असते आणि ते पाण्यात उतरू शकते.

गोटा मुठीत मावणारा आणि एका अंगाने सपाट असा निवडावा. दुसऱ्या दगडाने हलकेच ठोकल्यावर खणखणीत वाजला तर तो घ्यावा. बद्द आवाज आला, तर आत भेग आहे असे समजून सोडून द्यावा. गारगोटीचा मोह नवशिक्याने टाळलेला बरा, कारण खनिजांची कठिणता १ ते १० अशी सांगणाऱ्या मोह्सच्या मापावर तिची कठिणता ७ असते आणि हत्यार तिच्यावरून घसरते. स्टिलबाइट हे झिओलाइट त्याच मापावर ३.५ ते ४ इतके मऊ असले, तरी कोरताना त्याचे पापुद्रे निघतात. जांभा सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक अक्षर टिकत नाही. कोकणातली कातळशिल्पे जांभ्यातच असली, तरी त्यांच्या रेषा बोटभर रुंद आहेत.

गोटा धुऊन, वाळवून त्यावर पांढऱ्या पेन्सिलीने अक्षर काढावे. कोरण्यासाठी हिऱ्याची कणी बसवलेले बारीक टोक आणि बॅटरीवर चालणारे छोटे फिरते यंत्र घ्यावे. विजेच्या तारेचे यंत्र पाण्याजवळ आणू नये. उथळ ताटलीत ओल्या फडक्यावर गोटा टेकवून, रेषेवर थेंब थेंब पाणी सोडत, कमी वेगाने आणि जोर न लावता आधी नुसता ओरखडा उमटवावा, मग त्याच रेषेवरून तीन-चार वेळा फिरून ती खोल करावी. पाणी आणि मास्क यांत हयगय नको. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांना दगडाच्या कोरड्या धुळीनेच सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार जडला. काळ्या पाषाणात मोकळी सिलिका, म्हणजे गारगोटीचे द्रव्य, कमी असली, तरी त्याची धूळही फुप्फुसात जाता कामा नये. डोळ्यांवर चष्मा असावा आणि साचलेला गाळ वाळण्याआधीच पुसून घ्यावा.

कोरलेली रेषा वाळल्यावर फिकट राखाडी दिसते, म्हणून वरून तेल चोळू नये. तेलाने दगडाबरोबर रेषाही काळवंडते आणि अक्षर हरवते.

मन शांत करायला बसायच्या वेळी गोटा पाण्यात बुडवून तळहातावर घ्यावा. ओला असताना अक्षर जवळजवळ दिसत नाही. श्वास संथ ठेवून त्याच्याकडे पाहत राहावे. दगड कडेकडेने सुकू लागतो आणि एकेक रेषा हळूहळू वर येते. संपूर्ण अक्षर दिसेपर्यंत उठू नये.