मुलीचा किंवा मुलाचा जोडीदार पहिल्यांदा जेवायला येतोय? या चुका टाळा

पहिल्या वेळी मी नऊ पदार्थ केले होते. लेक तिच्या मित्राला घेऊन येणार होती. ‘मित्र’ म्हणजे काय ते आम्हाला कळलं होतं, आणि मला कशातच कमी पडायचं नव्हतं. तो आला, बाहेर बसला, थोड्या वेळाने पाण्याचा ग्लास हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. ‘काकू, काही मदत करू का?’ मी म्हटलं, ‘नको नको, तू बस.’ असं तीनदा झालं. जेवण उत्तम झालं, सगळ्यांनी नावाजलं. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, ‘आई, त्याला तुझ्याशी बोलायचं होतं गं. तू भेटलीच नाहीस.’

पुढे मुलाच्या वेळी पुन्हा हाच प्रसंग आला, तेव्हा मी बरीच शहाणी झाले होते. तरी एकदोन गोष्टी चुकल्याच. मैत्रिणींकडचे किस्से ऐकते तेव्हा लक्षात येतं की घरं वेगळी असली तरी चुका त्याच त्या असतात. आपण स्वयंपाकाची जय्यत तयारी करतो आणि भेटीची काहीच करत नाही.

मुलांना न विचारता बेत ठरवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. मुलीला विचारलं, ‘त्याला काय चालतं?’ तर उत्तर येतं, ‘तो सगळं खातो.’ या उत्तरावर विसंबू नका. ‘सगळं खातो’ म्हणजे बहुतेक वेळा ‘मी कधी विचारलं नाही’. नेमके प्रश्न विचारा: काय खातच नाही? काय खाल्लं की त्रास होतो? आणि त्रास म्हणजे नेमकं काय होतं?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण ‘मला दूध चालत नाही’ या एकाच वाक्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात. आवडत नसेल तर दुसरं काही वाढलं की झालं. प्राणिजन्य काहीच खायचं नाही असं ठरवलेलं असेल तर तूप, लोणी, मधसुद्धा बाद. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसेल तर पोट बिघडतं, पण अशा बऱ्याच जणांना थोडं दही सोसतं. आणि दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र चमचाभरही धोक्याचं, कारण तिथे प्रश्न पचनाचा नसून शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेचा असतो. अंगावर गांध्या उठणं, ओठ सुजणं, श्वास कोंडणं इथपर्यंत मजल जाऊ शकते.

दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, मासे, कोळंबी-खेकडे, गहू, सोयाबीन आणि तीळ या नऊ गोष्टींबद्दल नाव घेऊन विचारा. गंभीर अ‍ॅलर्जी बहुधा यांतल्याच कशाची तरी असते. असेल तर तो पदार्थ ‘त्याच्या ताटात वाढायचा नाही’ एवढ्यावर भागत नाही. तोच डाव, तीच कढई, तेच तळणाचं तेल वापरलं तर अंश जातोच. मी म्हणेन, त्या संध्याकाळपुरता तो जिन्नस स्वयंपाकघरातूनच हद्दपार करा. ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन, चालत नसेल तर बाटल्या-पाकिटांवरची घटकांची यादी वाचा. साध्या सोया सॉसमध्येसुद्धा बहुतेकदा गहू असतो, हे मला कितीतरी उशिरा कळलं.

खाण्याच्या जोडीने आणखी एक यादी मुलांकडूनच घ्यायची: काय विचारायचं नाही. वडील नुकतेच गेलेत, नोकरी सुटलीये, घरच्यांशी बोलणं बंद आहे. हे आधी कळलं तर ताटावर बसल्यावर पाय नको तिथे पडत नाही. मुलाच्या वेळी मी नेमकं हेच विचारायला विसरले आणि सहज म्हणून तिच्या भावाची चौकशी केली. टेबलावर जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते.

सगळं गोत जमवणं

‘येतेच आहे तर मावशीलाही बोलावू, आजीचीही भेट होईल.’ नको. येणाऱ्या माणसाला एका रात्रीत दहा नावं, दहा नाती आणि दहा जणांच्या नजरा पेलायच्या असतात. शिवाय चारपाच माणसांपर्यंतच गप्पा एकत्र चालतात. माणसं वाढली की टेबलाचे आपोआप दोन-तीन तुकडे पडतात, आणि नवं माणूस नेमकं दोन तुकड्यांच्या मध्ये सापडतं, कुठल्याच गप्पांत नसलेलं. घरातली जेवढी रोज एकत्र जेवतात तेवढीच पुरेत. गोतावळा पुढच्या खेपेला.

बसण्याची जागाही आधी ठरवून ठेवा. पाहुण्याला टोकाला किंवा अगदी मधोमध, सगळ्यांच्या समोर बसवू नका. एका बाजूला आपलं लेकरू आणि दुसऱ्या बाजूला घरातलं सगळ्यात कमी बोलणारं माणूस. हो, कमी बोलणारं. बोलघेवड्या काकांना थोडं लांबच ठेवा.

नवा पदार्थ त्याच दिवशी करून बघणं

डोळे मिटून जमतं तेच करा. एक मुख्य पदार्थ, त्याच्या जोडीला एकदोन, शेवटी काहीतरी गोड. ऐनवेळी चुलीपाशी उभं राहून करायचा पदार्थ फार तर एक असावा. बाकी सगळं आधी करून ठेवता येईल असंच निवडा. मी कागदावर उलट्या क्रमाने वेळ लिहिते: आठला जेवायला बसायचं, म्हणजे साडेसातला ते येणार, म्हणजे सव्वासातला गॅस बंद आणि मी कपडे बदललेली. यात काय बसत नाही ते लगेच दिसतं. जे बसत नाही ते यादीतून काढून टाका, त्यासाठी तासभर लवकर उठू नका.

आधी करून ठेवताना एक खबरदारी. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. साधारण ५ ते ६० अंश या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचं ते पसरट भांड्यात काढून लवकर गार करा. खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. परत गरम करताना नुसतं कोमट नको, आतपर्यंत ७५ अंश, म्हणजे चांगली वाफ यायला हवी. भाताची काळजी जास्त घ्यायची, कारण त्यात जे जंतू असतात त्यांचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, आणि भात बाहेर राहिला की त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा तापवूनही जात नाही.

ऐनवेळी बिघडलंच तर

*खाली लागलं.* ढवळू नका, खरवडू नका. गॅस बंद करा, वरचं वर अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. चव घेऊन बघा. त्यातही जळका वास येत असेल तर तो पदार्थ विसरा. मसाला घालून तो वास झाकत नाही, उलट दोन्ही चवी येतात.

*मीठ जास्त झालं.* बटाट्याच्या फोडी टाकतात, पण बटाटा काही वेचून मीठ शोषत नाही. तो खारट पाणी शोषतो आणि उरलेलं पाणी तेवढंच खारट राहतं. खरा उपाय म्हणजे मीठ न घातलेला माल वाढवणं: जास्त भाजी, जास्त पाणी, किंवा सोबतचं काहीतरी अळणी ठेवणं.

*तिखट झालं.* मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन काही होत नाही. स्निग्ध पदार्थात विरघळतं. चालत असेल तर दूध-दही द्या, नाहीतर नारळाचं दूध.

*काहीच खाण्याजोगं उरलं नाही.* बाहेरून मागवा आणि हसून सांगा. माझ्या एका मैत्रिणीकडे असंच झालं होतं. त्या घरात आजही त्या रात्रीचा विषय निघाला की सगळ्यात जास्त सून हसते.

*जुन्या जोडीदाराच्या नावाने हाक मारली.* होतं असं, जीभ आहे ती. एकदाच, सरळ, ‘चुकले, सॉरी’ म्हणा आणि योग्य नावाने वाक्य पूर्ण करा. पुढचं स्पष्टीकरण अजिबात नको. ‘नाही, ती फार यायची ना आमच्याकडे, म्हणून…’ या वाक्याने जे नुकसान होतं ते नुसत्या नावाने होत नाही.

अहो की अरे, यात अर्धा तास घालवणं

हा आपल्या भाषेने दिलेला पेच. आपण ‘या, बसा’ म्हणायचं की ‘ये, बस’? ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ येणारच नाही अशी वाक्यं करून करून वेळ मारून नेतो: ‘घेतलं का? वाढू का? कसं येणं झालं?’ तिकडे पाहुणाही आपल्याला हाक मारायचं टाळतो आणि नुसतं खाकरतो. पहिल्या पाच मिनिटांत सोडवून टाका. ‘मी तुला अरे म्हटलं तर चालेल ना? आणि तू मला काकू म्हण, नाहीतर नावाने म्हण, मला दोन्ही आवडेल.’ मुलीचा मित्र असेल तर अहो-जाहो आणि मुलाची मैत्रीण असेल तर अगं-तुगं, असं मात्र करू नका. मुलांच्या ते बरोबर लक्षात येतं.

मुलाखत घेणं

पगार, लग्न कधी, घर स्वतःचं का, मुलं हवीत का. हे पहिल्या जेवणाचे प्रश्न नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी गोड पदार्थ येईपर्यंत कोणीतरी एक विचारतंच. ज्याच्या तोंडून तो प्रश्न निघण्याचा संभव आहे त्याच्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. आमच्याकडे ते माझे यजमान.

‘तुम्ही दोघं कुठे भेटलात?’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, पण त्याचं घोटलेलं उत्तर तयार असतं आणि गप्पा तिथेच संपतात. त्यापेक्षा हाताशी असलेल्या गोष्टींवरून बोला. येताना रस्ता सापडला का, घरी स्वयंपाक कोण करतं, लहानपणी काय अजिबात खायचं नाहीस. शेवटच्या प्रश्नाला प्रत्येकाकडे गोष्ट असते, आणि ती सांगताना माणूस सैल होतो. आपणही स्वतःबद्दल थोडं सांगावं. एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने सांगायचं, असं सलग दहा मिनिटं झालं की त्याची चौकशी होते.

मुलांच्या लहानपणीचे फोटो, शाळेतल्या फजित्या हे त्यांची परवानगी असेल तरच. आपल्याला गंमत वाटते, पण त्या संध्याकाळी आपलं लेकरू आधीच दोन माणसं सांभाळत असतं. आणि जेवताना काढलेला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. मुलांनी कोणाकोणाला सांगितलंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

मदत करू न देणं

दारात उभा राहून ‘काही करू का’ विचारणारा माणूस कामासाठी विचारत नसतो. त्याला हातांना काहीतरी हवं असतं आणि आपल्याजवळ उभं राहायला कारण हवं असतं. म्हणून मी आता एक सोपं काम मुद्दाम शिल्लक ठेवते: काकडी चिरणं, ग्लास भरणं, ताटं मांडणं. मुलाच्या मैत्रिणीला काकडी दिली. तिने बोटभर जाड चकत्या केल्या आणि त्या दहा मिनिटांत मला जेवढं सांगितलं तेवढं पुढच्या दोन तासांत सांगितलं नाही. माणसाकडे न बघता, काकडीकडे बघत बोलणं सोपं जातं. चकत्या तशाच वाढल्या. कोणी स्वतःहून विचारलं नाही तर मात्र आग्रह नको. पहिल्यांदा आलेल्या काहींना परक्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायलाच संकोच वाटतो.

निघायची वेळ न सांगणं

पाहुण्याला ‘आता निघतो’ म्हणणं जड जातं आणि आपल्याला ‘आता निघ’ म्हणता येत नाही. बोलावतानाच सांगा, ‘साडेसातला या, दहाच्या सुमारास मोकळे व्हाल.’ रंगलं तर थांबतीलच. दारात चपला घालून अर्धा तास चालणाऱ्या गप्पांचं काय करायचं ते मात्र मला अजून जमलेलं नाही.

त्याच रात्री निकाल सांगणं

ते निघाले की लगेच मुलीला ‘चांगला वाटला हो’ किंवा ‘जरा अबोल आहे का?’ असा मेसेज करू नका. ती त्या वेळी त्याच्या शेजारीच बसलेली असते. दुसऱ्या दिवशी सांगा, आणि सांगताना एक नेमकी गोष्ट सांगा: ‘तू बोलत होतीस तेव्हा त्याने तुला मध्ये तोडलं नाही, ते मला आवडलं.’ काही खटकलं असेल तर एका जेवणावरून ठरवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत पोटात ठेवा. मुलीने स्वतःहून विचारलं तर गोष्ट वेगळी. तेव्हासुद्धा आधी तिलाच विचारा, तुला काय वाटलं, आणि तिचं सांगून होईपर्यंत आपण थांबा.

उरलेलं अन्न झाकून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं ना, ते झोपण्यापूर्वी बघा. तीन-चार दिवसांत ते संपवायचं.