ध्येय ठरवण्याआधी तुमचा वाईट आठवडा मोजा

ध्येय कोणतं, हे तुमच्या मनात असेलच. गिटार, पोहणं, नवी भाषा, काहीही चालेल, पण एका वेळी एकच. दोन धरून बसणार असाल तर पुढचं वाचू नका.

आता खरी मेख: हाताशी वेळ किती आहे ते मोजणं. इथे मी सलग तीन वर्षं आपटलो. जानेवारीत ‘रोज एक तास गिटार’ ठरवायचं आणि फेब्रुवारीत तिच्यावरची धूळ पुसायची. निर्धार ठीक होता, हिशेब चुकत होता. आठवड्याच्या १६८ तासांतून झोप, नोकरी आणि प्रवास वजा केले की कागदावर ढीगभर वेळ उरतो. ‘पहाटे पाचला उठा’ असं सांगत फिरणाऱ्यांचा हिशेब हाच. त्यांच्या आठवड्यात मूल आजारी पडत नाही, नळ गळत नाही, साहेबांचा फोन येत नाही.

म्हणून वजाबाकी सोडा आणि दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. खिशात कागद ठेवा. खरोखर मोकळे झालात की वेळ लिहा, पुन्हा कामाला जुंपलात की वेळ लिहा. माझ्या कागदावर एका मंगळवारी फक्त ‘९.४० ते १०.०५’ होतं, बुधवार, गुरुवार कोरे. त्या २५ मिनिटांतली दहा गिटार खोळीतून काढून सुरात लावण्यात गेली. वाजवायला उरली पंधरा. आणि मी तासाच्या गप्पा मारत होतो! मोबाइल चाळण्यात गेलेला वेळ मात्र मोकळा म्हणून धरू नका. तेव्हा अंगात त्राण नसतं म्हणून तर मोबाइल हातात असतो.

दोनपैकी जो आठवडा वाईट निघेल, तोच धरायचा. सरासरी काढायची नाही. ‘हा आठवडा अपवाद होता’ असं मन म्हणेलच; माझे तर सगळेच आठवडे अपवाद निघाले. कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या खोडीला डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ (नियोजनातली फसगत) असं नाव दिलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं होतं. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा. लागले ५५ च्या वर. ‘सगळंच बिनसलं तर?’ असं विचारल्यावरही ते ४९ च्या आसपासच थांबले. म्हणजे वाईट आठवडा कल्पनेत मोजला तर तोही गोडच निघतो. कागदावरचाच घ्या.

त्यात निघालेल्या वेळेच्या निम्म्यात बसेल एवढंच ध्येय ठरवा. होय, निम्म्यात. आकडा बघून लाज वाटली तर तो बरोबर आहे असं समजा.

तयारीचा वेळ कापा. गिटार खोळीबाहेर, पुस्तक उघडं, बूट दाराशी.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोजची एक साधी सवय लावून घ्यायला सांगितलं. ती अंगवळणी पडायला ६६ दिवसांच्या आसपास लागतात असं दिसलं, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. मी केली होती, बोटं सुजली आणि पुढचा आठवडाही गेला.

नोकरी बदलली किंवा घरात आजारपण आलं, तर जुना कागद फाडून नव्याने नोंद करा.

माझं सध्याचं ध्येय: आठवड्यातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. वर्षभरात चार गाणी पूर्ण बसली. पाचव्यातला एक कॉर्ड अजून खरखरतो.