राष्ट्रीय महिला दिन कसा साजरा करावा: २६ जानेवारी ते ८ मार्च, घर-शेताच्या उताऱ्यावर तिचं नाव

१३ फेब्रुवारी हा सरोजिनी नायडूंचा जन्मदिवस (१८७९) आणि म्हणून राष्ट्रीय महिला दिन. डिसेंबर १९१७ मध्ये मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंकडे स्त्रियांसाठी मताधिकार मागायला जे शिष्टमंडळ गेलं, त्याचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. मुंबई इलाख्यात तो अधिकार १९२१ मध्ये मिळाला, पण मालमत्तेच्या अटीसकट. नावावर काही नसेल तर मतही नाही. ती अट कधीच गेली. घर आणि शेत मात्र अजून बहुतेक ठिकाणी एकट्या नवऱ्याच्याच नावावर आहे.

त्यामुळे शाल-श्रीफळ, रांगोळी स्पर्धा आणि संगीत खुर्चीपेक्षा या दिवसाला एक नेमकं काम देणं बरं: ज्या कुटुंबांची तयारी आहे त्यांच्या शेताच्या सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावून घ्यायची. १३ फेब्रुवारीला अर्ज दाखल करायचे आणि ८ मार्चला नवे उतारे हातात द्यायचे. मध्ये २३ दिवस मिळतात. फेरफाराच्या, म्हणजे महसुली नोंदीतल्या बदलाच्या, नोटिशीची मुदत १५ दिवसांची असते, म्हणजे वेळापत्रक बसतं, पण जेमतेम. खालची पद्धत ग्रामपंचायत, बचत गट, महिला मंडळ किंवा शाळेची व्यवस्थापन समिती, कुणालाही वापरता येईल.

१. सुरुवात जानेवारीत

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय आला, की पुढचं काम गावाचं होतं, एका मंडळाचं राहत नाही. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून विषय लेखी स्वरूपात १५ जानेवारीच्या आत ग्रामसेवकाकडे द्या आणि पोच घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ यात ढकलला गेला तर चर्चेची पाळी येईपर्यंत निम्मी सभा उठलेली असते.

ठरावाची भाषा मोघम नको. ‘महिला सक्षमीकरणासाठी प्रयत्न करण्यात यावेत’ असा ठराव कुणालाच बांधत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘इच्छुक कुटुंबांच्या घराच्या नोंदी पती-पत्नीच्या संयुक्त नावे कराव्यात आणि शेतजमिनीसाठी लक्ष्मी मुक्ती योजनेखालील अर्ज १३ फेब्रुवारी रोजी गावातच स्वीकारावेत, यासाठी तलाठ्यांना विनंती करावी.’ लक्ष्मी मुक्ती म्हणजे नवऱ्याच्या शेतजमिनीवर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्याची योजना. ठरावाची प्रत त्याच आठवड्यात तलाठी आणि त्याच्या वरचे मंडळ अधिकारी, दोघांनाही द्या. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालंय. पत्रावर नवं पदनाम घाला, बोलताना कुणीही हरकत घेत नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. कागदपत्रांची यादी सांगायला याहून चांगली जागा नाही, कारण बायका तिथे येतातच. वाण म्हणून स्टीलची वाटी देण्याऐवजी बटणाची प्लॅस्टिक फाइल द्या आणि आत छापील यादी ठेवा. विधवा बायकांना आमंत्रण पहिलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. शिवाय जमिनीच्या कागदात सर्वांत जास्त अडचणी त्यांच्याच असतात, हे पुढे येईलच.

२. कोणाचा अर्ज बसतो, ते आधी वेगळं काढा

शिबिर फसतं ते इथे. शंभर जणींना बोलावलं जातं आणि त्यातल्या साठ जणींचा उतारा या कामाला तयारच नसतो. १ ते १० फेब्रुवारी या काळात प्रत्येक कुटुंबाचा ताजा सातबारा काढून बघा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. बघताना चार ढीग करा.

पहिला ढीग: जमीन एकट्या नवऱ्याच्या नावावर, वर्ग १ ची (म्हणजे हस्तांतरावर बंधन नसलेली), वाद नाही. हे लक्ष्मी मुक्तीचे सरळ अर्ज. शेतकरी संघटनेने ही मोहीम सुरू केली आणि १९९२ च्या शासन परिपत्रकाने तिला सरकारी रूप मिळालं. नवऱ्याने हयातीत, स्वखुशीने अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं.

दुसरा ढीग: सामाईक सातबारा. चार भावांची नावं, क्षेत्र एकत्र. इथे एका भावाने बायकोचं नाव लावायला घेतलं की बाकीच्यांना वाटतं वाटणी सुरू झाली, आणि हरकत येते. ही प्रकरणं यंदा बाजूला ठेवा. आधी वाटप, मग नाव.

तिसरा ढीग: जमीन अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. आधी वारस नोंद लागते. इथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, कारण वारसांत सासूबाई आणि नणंदाही येतात. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. सुनेचं नाव लावायचं म्हणून लेकीकडून हक्कसोडपत्र घेण्याचा घाट कुणी घालत असेल, तर तो अर्ज तुमच्या टेबलावर घेऊ नका. एका बाईचं नाव काढून दुसरीचं लावायला महिला दिन कशाला हवा?

चौथा ढीग: भोगवटादार वर्ग २, इनाम, पुनर्वसन किंवा कूळकायद्याच्या अटींची जमीन. हस्तांतरावर बंधनं असतात, तहसीलला विचारल्याशिवाय हात लावू नका. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर अर्ज अडत नाही असं गृहीत धरू नका. तलाठ्याला आधीच दाखवा.

३. कागद

एका अर्जाला एवढं लागतं: नवऱ्याच्या सहीचा अर्ज, ताजा सातबारा आणि ८-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा), दोघांची आधार प्रत, नातं दाखवणारा कागद (रेशन कार्ड किंवा विवाह नोंदणी दाखला) आणि नवऱ्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येकाच्या दोन प्रती करा. एक तिच्या फाइलमध्ये राहते. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, तरी स्टँप आणायला सांगणारे भेटतात. वाद घालण्यात सकाळ घालवू नका, तलाठ्यांना आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा.

नावाची तफावत हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त अर्ज अडवणारं कारण. सातबाऱ्यावर ‘बाळू गणपत’, आधारवर ‘बाळासाहेब गणपतराव’. तिच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव. ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, आणि ते १३ तारखेला सकाळी आठवलं तर त्या दिवशी होत नाही. म्हणून १० तारखेपर्यंतची छाननी सोडू नका.

अर्जात एक वाक्य ठळक लिहा: नाव ‘भोगवटादार म्हणून कब्जेदार सदरी’, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, घ्यावं. बायकांची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकून द्यायची जुनी खोड आहे, विधवांच्या बाबतीत तर सर्रास. इतर हक्कात नाव असलं की उताऱ्यावर ते दिसतं, घरच्यांना बरं वाटतं, आणि तिच्याकडे मालकी काहीच आलेली नसते. जुना उतारा हाती आला की तो रकाना आधी वाचा. तिथे आई, आजी, काकू सापडतात.

४. घराचा उतारा

घराची नोंद ग्रामपंचायतीकडे असते, नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत. तलाठ्याचा ८-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा. गावात दोन्हींना ‘आठ-अ’ म्हणतात आणि शिबिरात हमखास एकाच्या जागी दुसरा येतो. यादीत ‘ग्रामपंचायतीचा घराचा उतारा’ असं स्पष्ट छापा.

घराच्या नोंदीत दोघांची नावं लावायला नवऱ्याचा अर्ज, संमती आणि कराची चालू पावती लागते. थकबाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. अर्ज मासिक सभेपुढे जातो, त्यामुळे फेब्रुवारीची मासिक सभा कोणत्या तारखेला आहे ते आधी विचारा. ती १० तारखेलाच होणार असेल तर घरांचे अर्ज त्याआधी द्यावे लागतील. नाहीतर ८ मार्चला हातात काही नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक निघालं असेल तर तिथली नोंद भूमी अभिलेख खात्याकडे, स्वतंत्रपणे करावी लागते.

५. १३ फेब्रुवारीचा दिवस

या दिवसांत हरभरा आणि ज्वारीची काढणी चालू असते. सकाळी अकराचा कार्यक्रम ठेवला तर येणाऱ्या बाईचा रोज बुडतो. म्हणून अर्ज भरण्याचं काम ११ आणि १२ तारखेच्या संध्याकाळी सात ते नऊ या वेळात उरका आणि १३ ला सकाळी फक्त सह्या आणि दाखल करणं ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत तर निम्मी घरं बंद असतात. तिथे हे वेळापत्रक लादू नका, टोळ्या परतल्यावर १ मेच्या ग्रामसभेला धरून तोच क्रम लावा.

तीन टेबलं पुरतात: कागद तपासणी, सही-अंगठा, दाखल. पहिल्या टेबलावर सातबारा वाचता येणारी व्यक्ती हवी, उत्साही कार्यकर्ता तिथे उपयोगाचा नाही. निवृत्त शिक्षक, पतसंस्थेतल्या बाई, सेतू केंद्र चालवणारी मुलगी असं कुणीतरी शोधा. एक अर्ज नीट तपासायला पंधरा-वीस मिनिटं धरा. त्यापेक्षा भराभर होत असेल तर तपासणी होत नाहीये. प्रत्येक अर्जाची तारखेची पोच घ्या.

सही बायकोसमोर, मोठ्याने वाचून झाल्यावरच. नवऱ्यांच्या शंका ठरलेल्या असतात. ‘पीएम किसानचे पैसे बंद होतील का?’ ती योजना कुटुंबाला एकच लाभ देते. नाव लागल्याने बायकोला वेगळा हप्ता सुरू होणार नाही. ‘उद्या विकायची वेळ आली तर?’ विकायला तिचीही सही लागेल. हे लपवू नका. नाव लावण्याचा मुख्य उपयोग तोच आहे, आणि ज्याला तो पटत नाही त्याचा अर्ज न भरलेलाच बरा. पंधरा दिवसांनी तोच हरकत घेऊन येतो.

एक गोष्ट दोघांनाही सांगा: फेरफार हा महसुली नोंदीचा भाग आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. पक्कं काम हवं असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन बायको, मुलगा, मुलगी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी, ती दुय्यम निबंधकांकडे विचारून घ्या.

६. मधले तीन आठवडे

अर्ज दिल्यावर सगळे पांगतात आणि तिथेच तो पडून राहतो. दोन जणींनी पाठपुरावा अंगावर घ्यावा. १६ फेब्रुवारीच्या सुमारास प्रत्येक अर्जाचा फेरफार क्रमांक विचारा. क्रमांक पडला म्हणजे नमुना ६ मध्ये, फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद झाली आणि नोटीस निघाली. त्यापुढे १५ दिवस हरकतीची मुदत, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. १६ ला नोंद पडली तर मुदत ३ मार्चला संपते, हातात चार-पाच दिवस उरतात. म्हणून मंडळ अधिकाऱ्यांना ५ किंवा ६ मार्चची वेळ आधीच मागून ठेवा.

हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. ८ मार्च हुकला, एवढंच. त्या बाईला सुनावणीच्या तारखेला एकटीला पाठवू नका.

शहरात, सोसायटीत

सदनिकेत घोटाळा वेगळा. भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) बायकोचं नाव लागलं की घर तिचंही झालं, असा समज असतो. मालकी नोंदणीकृत दस्ताने बदलते. सहसदस्यत्वाने नाही, कराच्या बिलाने नाही आणि नामनिर्देशनानेही नाही. सोसायटीत १३ फेब्रुवारी साजरा करायचा तर एका संध्याकाळी सभासदांना करारनामा घेऊन बोलवा, त्यावर कुणाची नावं आहेत ते बघा आणि पुढचं वकिलाशी बोला. नवं घर घेणाऱ्यांना हे सांगा: महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की मिळत नाही.

७. ८ मार्च

आता कार्यक्रम करा, हवा तसा. उतारा नवऱ्याने बायकोला ‘भेट’ देण्याचा प्रकार तेवढा टाळा. फोटो छान येतो, पण अर्थ उलटा निघतो. जिचा उतारा तिने माइकवर वाचावा: गट नंबर, क्षेत्र, खातेदारांत स्वतःचं नाव. वाचता येत नसेल तर लेकीने वाचावं. ज्यांचं प्रमाणीकरण राहिलं त्यांचे फेरफार क्रमांक वाचा. त्याच टेबलावर घरात नवं बाळ असलेल्यांची जन्म नोंद तपासा: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदावर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लागतं, आणि दुरुस्ती शाळाप्रवेशाआधी करून घेणं सोपं जातं.

उरलेल्या अर्जांची यादी, ढिगांनुसार, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि एक प्रत १ मेच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेसाठी ग्रामसेवकाकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.