प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याला जिवाणूसंसर्ग झाल्यास तो कसा ओळखावा आणि काय करावे

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या, किंवा संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार), क्रोन्स (आतड्याचा दीर्घकालीन दाह) अशा आजारांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या घरी एक नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. ताप किती चढला, यावरून संसर्ग किती गंभीर आहे हे ठरवू नये.

शरीरात जिवाणू शिरले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून त्या जागी जमतात, आणि लाली, सूज, पू ही लक्षणे या झुंजीतूनच निर्माण होतात. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड या पेशींना रक्ताबाहेर पडण्यास अडथळा करते आणि ताप आणणाऱ्या रसायनांची निर्मितीही घटवते. त्यामुळे आतड्याला छिद्र पडले असतानाही पोट फारसे दुखत नाही, असे घडू शकते. रक्ततपासणीही चकवा देते: स्टेरॉइडमुळे संसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशींचा आकडा वाढतो, तर टोसिलिझुमॅब हे संधिवातावरील औषध घेणाऱ्याचे सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारा रक्तातील घटक) गंभीर संसर्गातही कमी राहू शकते.

म्हणून थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पॅरासिटामॉल देऊन ‘उद्या पाहू’ असे म्हणू नये. थंडी वाजून अंग थरथरणे, धाप लागणे, बोलण्यात असंबद्धपणा, लघवी कमी होणे किंवा उठताना भोवळ येणे यांपैकी काहीही दिसले, तर ताप नसला तरी थेट रुग्णालय गाठावे.

कोणते औषध चालू आहे, यावर कोणता धोका वाढतो हे अवलंबून असते. अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट आणि मेथोट्रेक्झेट रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर परिणाम करून पांढऱ्या पेशी कमी करू शकतात, म्हणून ठरलेली रक्ततपासणी चुकवू नये. रिटुक्सिमॅब प्रतिपिंडे बनवण्यासाठी लागणाऱ्या बी-पेशी नाहीशा करते. प्रतिपिंडे कमी पडली की न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकोकससारख्या जिवाणूंना आवर घालणे कठीण होते.

आपल्याकडे सर्वाधिक काळजी मात्र क्षयरोगाची घ्यावी लागते, कारण भारतात असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू कोणतेही लक्षण न दाखवता सुप्त राहतात. शरीराने पेशींची तटबंदी उभारून त्यांना कोंडलेले असते, आणि ती टिकवण्यासाठी टीएनएफ हा प्रथिनघटक लागतो. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅब त्याच टीएनएफला निष्प्रभ करतात. मग तटबंदी ढासळते आणि क्षय उफाळतो, तोही अनेकदा फुप्फुसाबाहेर, लसीकाग्रंथींत किंवा पोटात. म्हणून ही इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय शोधणारी मॅन्टू (त्वचेवरील) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी झाली आहे ना, हे रुग्णाने स्वतः विचारावे. आधीच स्टेरॉइड चालू असल्यास या चाचण्या खोट्या नकारात्मक येऊ शकतात. त्यामुळे अहवाल चांगला असला तरी पुढे वजन घटणे, रात्री घाम येणे, रेंगाळणारा खोकला किंवा मानेतील गाठ यांकडे दुर्लक्ष करू नये.

घरातली उरलेली किंवा दुकानातून मागून आणलेली अँटिबायोटिक्स देणे येथे फार धोक्याचे आहे. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे तीच पातळी इतकी घसरते की प्रत्यारोपित अवयव नाकारला जाऊ शकतो, आणि मेथोट्रेक्झेटच्या जोडीला को-ट्रायमॉक्झाझोल दिल्यास अस्थिमज्जा गंभीररीत्या दबू शकते. नवीन डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधांची मात्रेसह यादी न्यावी, आणि ती रुग्णाच्या पाकिटातही असावी.

संसर्गाच्या भीतीने स्वतःहून औषधे बंद करणेही तितकेच घातक आहे. मेथोट्रेक्झेट किंवा (इन्फ्लिक्सिमॅबसारखी) जैविक इंजेक्शने संसर्ग असताना डॉक्टर बहुधा थांबवतात. पण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास शरीरातले नैसर्गिक स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी साथ देत नाहीत आणि रक्तदाब कोसळू शकतो. आजारपणात उलट त्याची मात्रा वाढवावीही लागते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर स्टेरॉइड इंजेक्शनने द्यावे लागू शकते, म्हणून अशा वेळी घरी थांबू नये.

न्यूमोकोकसची लस शक्यतो उपचार सुरू होण्याआधी घ्यावी. बीसीजीसारख्या जिवंत लसी मात्र उपचार चालू असताना टाळाव्यात. कच्चे दूध पिऊ नये. पावसाळ्यात शेतातल्या चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरणे टाळावे आणि उतरावेच लागले तर गमबूट घालावेत, कारण ओल्या मातीतून होणारा मेलिऑइडोसिस हा जिवाणूजन्य आजार पश्चिम किनारपट्टीवर आढळतो, आणि स्टेरॉइडमुळे ज्यांची रक्तशर्करा वाढली आहे त्यांना त्याचा धोका अधिक असतो.